पाच भोकं आणि एक खिडकी

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायची रीत होती. मडकं वाजवून सगळेच घेतात, पण आबा, म्हणजे माझे वडील, कलिंगड, कपबशी, नवा तवा, पाहुण्यांनी आणलेला पितळी डबा, सगळं बोटाच्या मागच्या पेरानं ठोकून बघत आणि मान तिरकी करून ऐकत. एकदा मला बघायला आलेल्या मंडळींनी भेट दिलेलं तबक आबांनी त्यांच्यासमोरच वाजवलं आणि "चीर आहे" म्हणाले. ते स्थळ जुळलं नाही. आईनं पुढे किती वर्षं ते उगाळलं! मी मात्र मनातून आबांची ऋणी होते, आजही आहे.

जळगावात आमचं जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि राहायला आम्ही पिंप्राळ्यात. दुकानाला पाटी नव्हती. दारात एक गंजका सायलेन्सर टांगलेला असायचा, त्यावरून लोक ओळखत. रविवारी आबा नटबोल्टांचे डबे घरी आणायचे. ओट्यावर एका सुपात आई तूरडाळ निवडायची आणि तिच्या शेजारी दुसऱ्या सुपात मी नट निवडायची. इंग्रजी आट्याचे एकीकडे, देशी आट्याचे दुसरीकडे. नटाच्या आतल्या पेचाच्या आट्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं की कळायचं. इंग्रजी आटा नखाला अडतो, देशी सरळ जाऊ देतो, असं तेव्हा मला वाटायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि खरं आहे की नाही तेही आता छातीठोकपणे सांगणार नाही, पण माझा अंदाज चुकायचा नाही. आई म्हणायची, "डाळीत नट आला तर दात पडतील, नीट बस." आला होता एकदा. काकांच्या वाट्याला.

हे काका म्हणजे नाना, आबांचे धाकटे भाऊ. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. ते वाईट नव्हते हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात ते काही ठिकाणी तसे दिसतील. आबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा जवळजवळ गेली, तेव्हा नोकरी सांभाळून आमच्यासाठी धावले ते नानाच. संध्याकाळी जिनिंगमधून सुटले की दुकान उघडायचे. दिवसा कॉलेज आटोपून मी जाऊन बसायची. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं, आणि विचारायचं, "कोणी मोठं नाही का?" मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या मते पुरेशी मोठी होते. पण गिऱ्हाईक निघून जायचं. दोन-तीन महिने हे बघितल्यावर नाना एका सकाळी आबांच्या खाटेशी येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, आखाजीनंतर दुकान देऊन टाकू. माझ्यानं दोन्ही होत नाही, आणि पोरीच्या जातीचं हे काम नाही." आबा छताकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते दुखण्याचं की दुकानाचं, हे कुणी विचारलं नाही. मी माजघरात उभी होते. ते दुकान गेलं तर मी कोण उरणार, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

त्याच आठवड्यात जामनेरकडचे वसंतभाऊ आले. केळीचे मोठे बागायतदार, पण अंगात सदरा आमच्या हमालासारखा. खांद्यावर गोणपाट, त्यात काहीतरी जड. संध्याकाळची वेळ होती, नाना दुकानात होते. वसंतभाऊंनी गोणपाट उघडलं. आत गाडीच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम होता, मोठ्या पातेल्याएवढा, आणि त्याला काठापासून मध्यापर्यंत तडा गेलेला.

ती गाडी आम्हाला माहीत होती. बाटलीच्या रंगाची हिरवी, पुढच्या गोल दिव्यांची, इंग्रज जाताना कुणा साहेबानं विकलेली. कंपनीचं नाव उच्चारायला कुणाची जीभ वळत नसे, म्हणून सगळे तिला लेकींची गाडी म्हणत. वसंतभाऊंच्या आईचा नेम होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस ती गाडी गावोगाव फिरायची आणि त्यांच्या गावच्या सासरी दिलेल्या लेकींना माहेरी आणायची. जात, भाऊबंदकी बघायची नाही. ज्या लेकीचा बाप गेला, भाऊ विचारत नाही, तिच्याही दारात गाडी उभी राहायची. खान्देशात आखाजीला माहेरी न येणं म्हणजे काय, ते ज्या बाईला मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, आलं नाही तिलाच विचारावं.

"महिना राह्यला आखाजीले," वसंतभाऊ म्हणाले. "माय म्हनते, लेकी वाट पाहून राह्यल्या असतीन. आबाच शोधून देतीन, म्हून आलो."

नाना म्हणाले, "भाऊ अंथरुणावर आहेत. ही गाडी आता कुठे मिळते? आमच्याच्यानं होणार नाही."

"मी शोधते," मी म्हणाले. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

नाना माझ्याकडे बघून हसले. चिडून नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "आखाजीपर्यंत आण. आणलास तर तुझं दुकान, मी परत नाव काढणार नाही. नाही आणलास तर मुकाट्यानं आईबरोबर बिबड्यांचे पापड थाप." वसंतभाऊ साक्षीला उभेच होते. ड्रम गोणपाटात घालून माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पोरगी म्हनते त करीनच ती."

आता माझी फजिती सांगते. तो ड्रम घरी आणला. आबांच्या कपाटात मापं घ्यायचा लोखंडी कॅलिपर होता, पण तो आबांचा. ते जिवंत असताना त्याला हात लावायचा म्हणजे त्यांना मोडीत काढल्यासारखं वाटलं मला. म्हणून आईच्या शिलाईच्या मशिनीवरची कापडी टेप घेतली आणि ड्रमचं आतलं माप घेतलं. दहा इंच. चाकाच्या बोल्टांची भोकं पाच. कागदावर लिहिलं आणि ड्रम ओसरीत ठेवून, ओझं कोण वाहील म्हणून, नुसता कागद घेऊन एसटीनं धुळ्याला गेले. तिथे भंगारवाले चाचा होते, आबांचे जुने दोस्त. त्यांनी विचारलं, "नमुना कोठे शे?" मी कागद दाखवला. त्यांनी लोखंडी पट्टी माझ्या हातात दिली. त्यांच्या ढिगातून मीच मोजून दहा इंची, पाच भोकांचा ड्रम उचलला आणि विजयी मुद्रेनं थेट वसंतभाऊंचं गाव गाठलं. गोठ्याशेजारी गाडी विटांवर उभी होती. गावातली अर्धी माणसं बघायला जमली. ड्रम चढेचना. आतल्या ब्रेकच्या पट्ट्यांवर तो टेकून राहिला, लहान टोपी मोठ्या डोक्यावर राहते तसा. वसंतभाऊंच्या आईनं मला आत नेऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. एका शब्दानं टोचलं नाही. मी ठेच्याच्या नावाखाली मनसोक्त रडून घेतलं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांची नजर मशिनीकडे गेली. डाव्या हातानं त्यांनी टेप मागितली, मग लोखंडी पट्टी. दोन्ही शेजारी ठेवायला लावल्या. वर्षानुवर्षं ओढून ओढून टेप ताणली होती. दहा इंचांमागे चांगला पाव इंच. तिच्यावर दहा म्हणजे खरे सव्वादहा. आणि आबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत हसले. आई रागावली. "इतकी वर्षं माझे ब्लाउज बसतात ते?" मी म्हणाले, "म्हणूनच बायका म्हणतात, तुझं शिवण ऐसपैस असतं." त्या हसण्यासाठी मी आणखी दहा चुकीचे ड्रम वाहून आणले असते. हसू आवरल्यावर आबांनी कपाटाकडे बोट केलं. मी कॅलिपर काढला. त्यांनी तो माझ्या हातात नीट बसवला, त्याच्या टोकांनी ड्रमची आतली बाजू कशी चाचपायची ते डाव्या हातानं दाखवलं आणि मग ड्रमच्या तोंडावर एका जागी बोट टेकवून ठेवलं. पाच भोकांच्या मध्ये अर्धचंद्रासारखी एक छोटी खिडकी होती, ब्रेक कमीजास्त करायला ठेवलेली. मी ती पाहिली होती पण मोजली नव्हती. "ही," आबा म्हणाले. एवढंच.

हल्ली माझा नातू फोनवर फोटो काढून पाठवतो आणि तासाभरात कुठूनतरी उत्तर येतं. चांगलं आहे. मला त्याचा हेवा वाटतो, पण एक सांगते: फोटोत वजन येत नाही, आणि आवाजही येत नाही. असो.

दुसऱ्या दिवशी फुटका ड्रम मांडीवर आणि कॅलिपर पिशवीत घेऊन मी पुन्हा धुळ्याच्या एसटीत बसले. चाचांनी तो हातात घेतला, खिडकीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाई खिडकी मी दखेल शे. पहिल्यांदाच नमुना आनती तर तुनी खेप वाचती, बेटी." मग बसायला पत्र्याचा डबा दिला, चहा मागवला. "बठ्ठा खान्देशमा अश्या दोनच गाड्या व्हत्यात. एक तुना गिऱ्हाईकनी. दुसरी मना बापनी तोडी. तीन ड्रम भट्टीमा गयात. चवथा एक गुरुजी मांगी लई गया, शाळानी घंटा कराले." गावाचं नाव त्यांनी सांगितलं, पारोळ्याच्या रस्त्यावरून आत. मी चहाचे पैसे देऊ लागले तर त्यांनी हात झटकला. "तुना बापनी माले आवाज शिकाडा. जाय आते."

त्या गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कडक झालं होतं. सकाळची शाळा सुटायची वेळ. मी चालत होते आणि शाळा दिसायच्या आधी ती ऐकू आली. टण्ण, टण्ण, टण्ण. लांबलचक, स्वच्छ, मागे थरथर ठेवणारा आवाज. मी रस्त्यातच थांबले. तडा गेलेला ड्रम असा वाजत नाही, तो खोकतो. इतकी वर्षं हातोडीचे ठोके खाऊन जो असा वाजतो तो आतून धडधाकट असणार, हे मला ड्रम न बघता कळलं, आणि ज्यांनी मला ते कळण्याजोगं केलं त्या माणसाची आठवण येऊन उन्हात भरून आलं.

लिंबाच्या फांदीला तो टांगला होता, आणि तार ओवली होती ती त्याच अर्धचंद्राच्या खिडकीतून. गावाला वाटायचं, ती खिडकी तारेसाठीच पाडलेली आहे. कॅलिपरनं माप घेतलं. सव्वादहा. भोकं पाच. कडा ठोक्यांनी चपट्या झालेल्या, आत गंज, पण हात फिरवला तर कुठे खोल खड्डा नाही. गुरुजी, निवृत्तीला आलेले, धोतर नेसणारे, शांतपणे बघत होते. मी सगळं सांगितलं. बदल्यात दुसरा ड्रम देईन, असंही मी म्हणाले.

"बाई, ही एकट्या शाळेची गोष्ट असती तर दिला असता," ते म्हणाले. "नाल्यापलीकडे शेतं आहेत. तिथल्या बायांजवळ घड्याळ नाही. ह्या आवाजावर त्या भाकरी सोडतात, लेकरांना पाजायला घरी येतात. तुमचा दुसरा तिथवर ऐकू जाईल कशावरून?" त्यांनी मला नाल्यापलीकडे नेलं. कांदा काढणी चालली होती. सगळ्यांत वयस्कर होत्या त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विळा न थांबवता, का म्हणून द्यायचा अशा सुरात म्हणाल्या, "आमना आवाज काब्र देवाना? तुना सेठले गाडी फिरावानी शे म्हनीसन?"

मी म्हणाले, "अक्का, ती गाडी आखाजीला लेकींना माहेरी आणते. ज्यांना कोणी आणायला जात नाही, त्यांनाही."

विळा थांबला. अक्का म्हणाल्या, "माले कोनी लेवाले ये नही. सतरा वरीस." मग पदरानं तोंड पुसून, "आन तुना ड्रम. आठे आयकू ऊना, तर लई जाय."

हे घरी सांगितलं तेव्हा आबा उठून बसले. येतो, असं त्यांनी हातानं खुणावलं. आईनं आकांत केला, नाना म्हणाले वेड लागलंय. पण वसंतभाऊंनी केळीचा टेम्पो आणला, आत केळीची पानं आणि पोती अंथरली, आणि चार महिन्यांत घराबाहेर न पडलेले आबा दुकानातले तीन ड्रम पायाशी घेऊन राजासारखे निघाले. वाटेत प्रत्येक खड्ड्यात तिन्ही ड्रम वाजत, आणि आबा मान तिरकी करून ऐकत होते.

शाळेत लिंबाखाली त्यांना खुर्ची दिली. नाल्यापलीकडे अक्का बांधावर उभ्या राहिल्या. ऐकू आलं तर विळा वर करायचा, असं ठरलं. पहिला ट्रकचा ड्रम, दोघांनी उचलून टांगला. जवळच्या माणसाच्या कानठळ्या बसल्या, पण विळा हलला नाही. दुसरा बसचा. गुरुजींनी स्वतः ठोकला. विळा अर्धा वर गेला आणि खाली आला. तिसरा जुन्या जीपचा, लहानसा. मी मध्यातून तार घालून टांगला, तर बद्द वाजला.  आता चौथा नव्हताच. आबांनी जमिनीवर काठी आपटली. मी जवळ गेले. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं हवेत काठाजवळ टोचून दाखवलं. म्हणजे, मध्यातून धरशील तर त्याचा गळा आवळला जाईल, कडेच्या एका भोकातून मोकळा सोड. मी तार काढून कडेच्या भोकात घातली. आबांनी हातोडी मागितली. गुरुजींनी त्यांना खुर्चीसकट झाडाजवळ सरकवलं. डाव्या हातानं, सवय नसलेल्या, त्यांनी एकच ठोका दिला.

तो आवाज गेला. नाला ओलांडून जाताना मी जणू तो बघत होते. अक्कांनी विळा वर केला, मग दुसरा हात, आणि मग त्यांच्यामागच्या सगळ्या बायांनी आपापले विळे वर केले.

जुना ड्रम उतरवला तेव्हा अक्का नाला उतरून आल्या होत्या. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाय माय. लेकीस्ना कामले जाय." आणि आबांकडे बघून, "पोर चांगली शे तुमनी." आबांनी मान हलवली. मला वाटतं, मला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते. अक्का, गुरुजी, चाचा यांच्यापैकी आज कोणी नाही. कुणी मागितलं तर आपलं घड्याळ काढून देण्याइतकी मोठी माणसं मला त्या वयात भेटली, आणि मी त्यांना तेव्हा धड नमस्कारही केला नव्हता. तो आता करते.

लेथवर आतून हलकासा हात फिरवला, गंज गेला, ड्रम पट्ट्यांवर असा बसला की वसंतभाऊंच्या आईनं दृष्ट काढून बोटं मोडली. आखाजीला पाच दिवस होते. गाडी निघाली आणि पहिली कुठे गेली असेल? पारोळ्याच्या रस्त्याला. वसंतभाऊंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांची आई स्वतः आत बसून गेली, कांद्याच्या शेतातून अक्कांना हाताला धरून उठवलं, आणि माहेर नव्हतं म्हणून आपल्या घरी नेलं. खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन, झोक्यावर बसून, अक्का दिवसभर कर्कश गायल्या, असं वसंतभाऊ सांगायचे आणि सांगताना डोळे पुसायचे.

आखाजी सरली. दुसऱ्या सकाळी नाना आमच्या दारात रिक्षा घेऊन आले. जिनिंगमधून रजा काढली होती. आबांना त्यांनी उचलून रिक्षात बसवलं, दुकानात आणलं आणि पुढच्या खुर्चीवर टेकवलं. मी गल्ल्यामागे उभी. नाना कोपऱ्यातल्या स्टुलावर. थोड्या वेळानं एक ट्रकवाला आला, हातात फडक्यात गुंडाळलेली बेअरिंग. सवयीनं तो आबांपुढे गेला आणि फडकं उघडलं. आबांनी मुद्दाम रस्त्याकडे तोंड फिरवलं. तो गोंधळला, नानांकडे वळला. नानांनी वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरलं.

मग त्याला माझ्याकडे यावंच लागलं.